गोठ्यातली मोटार

कळसाडी
२ ऑगस्ट १९३८

बन्सीभाऊंच्या सेवेशी,
लोटनचा नमस्कार. माय बरी आहे, अनुसया बरी आहे, कपाशी गुडघ्याला लागली आहे.

लिहिण्यास कारण की, आमच्या गोठ्यात सध्या एक मोटार उभी आहे. हसू नका. तळोद्याचे रूपचंदनाना, म्हणजे ज्यांच्या नवलशी आपल्या अनुसयाची सुपारी फुटली तेच, त्यांनी पॅसेंजर सर्व्हिससाठी नवी गाडी घेतली आणि जुनी मला देऊ केली. दहा वर्षांची आहे, चार सिलिंडरची. शहाद्याच्या बाजाराला माणसं आणि दोंडाईच्याला कापूस न्यायला मला अशी गाडी हवीच होती. नाना म्हणाले, "पाणीपाऊसना दिनमा रस्ता बंदच शे. पोळा व्हई जाऊ द्या, तोपावत तुम्हनाकडेच ऱ्हाऊ द्या. देखा, पटनी तं ठेवा." नवल स्वतः चालवत घेऊन आला. अंगणात चिखल, म्हणून बैलांना एका बाजूला सारून तिला गोठ्यात घेतली. पहिल्या दिवशी बैलांनी दावी तोडायची बाकी ठेवली होती, आता तिच्या मडगार्डला मान घासतात.

दिसायला झकास आहे. पण दिसण्यावर मोटार घेऊ नये, एवढं तुमच्याकडूनच ऐकलं आहे. तुम्ही धुळ्याला मोटारींच्या कारखान्यात सुट्या भागांवर बसता, रोज शंभर गाड्यांची पोटं उघडी पाहता. नात्याने मावसभाऊ, पण बापूजी गेल्यापासून या घरात तुम्हाला विचारल्याशिवाय बैलसुद्धा विकलेला नाही. तेव्हा इंजिनाची तब्येत कशी ओळखायची, ते कळवा.

आपला
लोटन

*

धुळे
६ ऑगस्ट १९३८

चि. लोटनला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी आनंद झाला, मग ते पुन्हा वाचलं आणि आनंद गेला. नवी गाडी घेणारा माणूस जुनी कोणाला विकतो? जो तक्रार करायला येणार नाही त्याला. आणि मुलीचा भाऊ कधी तक्रारीला जात नसतो. सुपारी आधी फुटली की मोटारीची गोष्ट आधी निघाली, ते मला कळव. मी काही म्हणत नाही, फक्त विचारतो.

आमच्याकडे लोक काय काय करून आणतात ते तुला ठाऊक नाही. गिअरपेटीत लाकडाचा भुसा भरतात, आवाज बंद. फाटक्या हुडाला रंग फासतात. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. पण एक जागा अशी आहे जिथे रंग चालत नाही. ती म्हणजे सिलिंडरातला दाब. तो मोजायचं घड्याळ शिरपूरच्या मोटारीवरच्या ड्रायव्हरबरोबर शहाद्याला पाठवतो आहे. जपून वापर, कारखान्याचं आहे.

रीत अशी. इंजिन आधी चांगलं गरम होऊ दे. मग चारही प्लग काढ. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा, म्हणजे हवेला आत यायला वाट मोकळी. घड्याळाचं रबरी टोक एका भोकात घट्ट दाबून धर आणि दुसऱ्याला हँडल मारायला सांग, काटा वर चढायचा थांबेपर्यंत. आत दट्ट्या वर येतो आणि हवा दाबतो. दट्ट्याच्या कड्या झिजल्या असतील किंवा झडपा नीट बसत नसतील, तर हवा निसटते आणि काटा अर्ध्यावरच बसतो. चारही आकडे लिहून घे. साठच्या आसपास चारही सारखे, तर इंजिन निरोगी. एखादा खूप खाली, तर ती जागा आजारी.

आणि मी हे सगळं कशासाठी विचारतो, ते तळोद्याकडच्या माणसाला कळता कामा नये. घरात फार बोलू नकोस. तुझ्या पोटात तीळ भिजत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तुझा
बन्सीलाल

*

कळसाडी
१३ ऑगस्ट १९३८

बन्सीभाऊ, नमस्कार.

घड्याळ सुखरूप मिळालं. आमचा सालदार डोंगरसिंग धडगावकडचा, अंगाने दणकट. त्याने हँडल मारलं, मी घड्याळ धरलं. आकडे असे: पहिला अठ्ठावन्न, दुसरा छप्पन्न, तिसरा अडतीस, चौथा सत्तावन्न. तिसऱ्याला पुन्हा मोजला, पुन्हा अडतीसच.

पण भाऊ, हे रूपचंदनानांनी आधीच सांगितलं होतं. गाडी देताना म्हणाले होते, "तिसरा सिलिंडर थकेल शे. चढावर जरासा खोकस." मी ते तुम्हाला लिहायचं विसरलो. सुपारी अक्षय्य तृतीयेला फुटली, मोटारीची गोष्ट आषाढात निघाली. तुम्ही विचारलं म्हणून लिहिलं.

प्लग काळेठिक्कर आहेत. ते रॉकेलमध्ये घालून ठेवले आहेत आणि भोकांवर फडक्यांचे बोळे बसवले आहेत.

मोजणी चालली होती तेव्हा माय आणि अनुसया गोठ्याच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मायने विचारलं, हे काय चाललंय? आता घरातल्या माणसाला काहीच सांगायचं नाही, हे मला जमत नाही. मी म्हटलं, माय, या चार भोकांत मोटारीची सगळी ताकद असते, ती मोजतो आहे. तिने चारही भोकांत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "काय अंधारं शे ओ माय!" एवढंच. तळोद्याला काही कळलेलं नाही.

आपला
लोटन

*

धुळे
१७ ऑगस्ट १९३८

चि. लोटन,

एक दुखणं आपणहून सांगणारा माणूस मला जास्त भ्यायला लावतो. एक सांगितलं म्हणजे समोरच्याने बाकीचं विचारू नये, हा त्यातला हिशेब. गिऱ्हाईक म्हणतं, काय प्रामाणिक माणूस! आणि डोळे मिटून घेतं. मी इतकी वर्षं काउंटरला बसून हेच पाहिलं.

तरी तुझे आकडे खरे धरले, तर गाडी वाईट नाही. तिसऱ्याच्या कड्या बदलल्या की चालेल. पण एका मोजणीवर मी विश्वास ठेवत नाही. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी परत मोज. मधल्या दिवसांत गाडीजवळ कोण येतं, कोण जातं, इकडे लक्ष ठेव. नवल पोळ्याला येणार असेलच. पाहुणचार कर, पण त्याला गोठ्यात एकटा सोडू नकोस. का, ते आत्ता लिहीत नाही. लिहिलं तर तू ते घरात बोलशील, आणि घरातलं तळोद्याला जायला वेळ लागत नाही.

बन्सीलाल

*

कळसाडी
२७ ऑगस्ट १९३८

बन्सीभाऊ, नमस्कार.

आनंदाची बातमी! मोटार सुधारली!

काल दुसऱ्यांदा मोजली. पहिला बहात्तर, दुसरा सत्तर, तिसरा सहासष्ट, चौथा एकाहत्तर. डोंगरसिंगला हँडल मारताना घाम फुटला. म्हणाला, मागच्या वेळी इतकी जड नव्हती. प्लग बाहेरच होते, म्हणून या वेळी इंजिन गरम केलं नाही, तसंच मोजलं. माझ्या मते रॉकेलात प्लग स्वच्छ झाले त्याचा हा गुण असावा. तुमचं काय मत?

मग प्लग बसवून सुरू केली. बापरे, काय तो धूर! निळापांढरा, गोठाभर. आणि वास असा की गल्लीतली पोरं विचारायला आली, आज भजी कोणाकडे आहेत?

पोळा छान झाला. नवल आदल्या दिवशीच आला. खांदमळणीला माय गोठ्यात गेली तेव्हा तोच कंदील धरून तिच्याबरोबर होता. बैलांच्या खांद्यांना हळद-तेल चोळताना दोघं हसत होती, ते मला ओसरीवर ऐकू येत होतं. मी पुरणाचं सामान आणायला गेलो तेवढा वेळ मात्र लक्ष राहिलं नाही. पण पोरगा सालस आहे. जेवताना मान वर करून पाहिलं नाही. अनुसयाने वाढलं तेव्हा तर कढी पातळ आहे की घट्ट, हेही त्याला कळलं नसेल.

मग आता व्यवहार पक्का करू ना?

आपला
लोटन

*

धुळे
३१ ऑगस्ट १९३८

चि. लोटन,

व्यवहार पक्का करू नकोस. घोडं पेंड खातंय ते इथेच.

इंजिन म्हणजे काय बाळंतीण आहे, की पंधरा दिवसांत अंग धरील? झिजलेलं लोखंड आपोआप भरत नाही. प्लग धुण्याचा आणि दाबाचा काडीचा संबंध नाही. आता तुला ते सांगतो जे मुद्दाम लिहिलं नव्हतं. सिलिंडरात वरून तेल ओतलं, की ते दट्ट्याच्या कडेने बसतं आणि झिजेची फट तेवढ्यापुरती बुजते. काटा झरझर चढतो. गाडी चालवली की तेल जळून जातं, धूर होतो, आणि इंजिन पुन्हा मूळ पदावर. जुनी गाडी खपवायची ही सगळ्यांत जुनी युक्ती. आम्ही कारखान्यात हेच मुद्दाम चमचाभर घालून करतो, दोष कड्यांचा की झडपांचा ते कळायला. तिसऱ्याचा अडतीसचा सहासष्ट झाला, म्हणजे दोष कड्यांचा, हेही आता सिद्ध झालं.

आणि तुझा तो भज्यांचा वास! अरे, मोटारीच्या तेलाला भज्यांचा वास येतो का? भुईमुगाचं तेल आहे ते. फसवायला निघाले आणि इंजिनाचं तेलसुद्धा खर्चायची दानत नाही!

गोठ्यात कोण होतं? नवल. तू कुठे होतास? पुरणाच्या सामानाला. कंदील कोणाच्या हातात होता? लोटन, मला मोटारीचं काही वाटत नाही. जो मुलगा सासरच्या गोठ्यात, सणाच्या दिवशी, होणाऱ्या सासूच्या पाठीमागे हे करतो, तो अनुसयाला कसा नांदवील? काका नाहीत, म्हणून हे मला लिहावं लागतं. तळोद्याला जा. त्याच्या बापासमोर विचार, तेल कोणी टाकलं? शब्द ऐकू नकोस, चेहरा पाहा.

बन्सीलाल

*

कळसाडी
६ सप्टेंबर १९३८

बन्सीभाऊ,

झालं तसं लिहितो.

परवा तळोद्याला गेलो. रूपचंदनानांच्या ओट्यावर गणपतीची माणसं बसली होती. मी म्हटलं, आत बसून बोलू. नाना म्हणाले, "आठेच बोला, मन्हाकडे झाकी ठेवासारखं काही नही." मग मी विचारलंच. नवलचा चेहरा पाहिला. तो आधी हसला, मग ओट्यावरच्या माणसांकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. म्हणाला, "तेल पडनं तवय मी तठेच व्हतू. कोणी टाकं ते माले इचारू नका." मी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तो उभा राहिला तो उभाच, तोंडातून शब्द नाही. नाना त्याच्यावर ओरडले, तरी नाही. मी म्हटलं, म्हणजे तूच. ओट्यावर सगळे ऐकत होते. मी उठून आलो.

घरी आलो, मायला सांगितलं. माय तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तेल ते मी टाकं."

मी म्हटलं, तू? ती म्हणाली, "तूच सांगं ना, मोटारनी ताकद या चार भोकसमा ऱ्हास म्हणून? बैलनी ताकद खांदामा, म्हणून आपण खांदा मळतस. तीबी आपला गोठामा उभी, तीबी उद्या ओझं वढी. तिले कसाले उपाशी ठेवो? बोळे काढात नि वाटी वाटी टाकी दिधं. जावईबापूनी कंदील धरा. ते माले म्हणेत, मामी, आते ही धूर काढी." आणि हसायला लागली, की खरंच काढला ना धूर?

भाऊ, हे ऐकून माझी काय अवस्था झाली असेल! त्याने माझ्या आईचं नाव चारचौघांत घेतलं नाही, एवढंच ना? पण मग असंही मनात येतं, माय खोटं बोलत नाही हे खरं, तरी जावयाची बाजू सावरायला बाई काय करणार नाही? तुमच्या पत्रांनी मला असा विचार करायची सवय लावली आहे.

हे लिहीत असतानाच नवल इथे येऊन गेला. तळोद्याहून चिखलातून आला होता, गुडघ्यापर्यंत माखलेला. आत आला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "माले तुम्हनं काही नही. तिले बी वाटस का, मी तेल टाकं म्हणून? एवढं इचारी सांगा." मी म्हटलं, धुळ्याला बन्सीभाऊंना पत्र लिहितो आहे, त्यांचं उत्तर आलं की कळवतो. तो पाणीसुद्धा न पिता गेला.

लवकर उत्तर द्या. माफी मागायला जाऊ का?

लोटन

*

धुळे
१० सप्टेंबर १९३८

चि. लोटन,

इतक्यात माफी मागू नकोस.

मावशीवर माझा अविश्वास नाही, ती माझ्या आईच्या जागी आहे. पण तू तळोद्याहून रागाने आलास, तिला सोयरीक मोडताना दिसली आणि तिने लगेच सांगितलं, मी टाकलं. इतक्या सहज? आठ-नऊ दिवस आधी धूर निघाला तेव्हा का नाही सांगितलं? आईचं काळीज असं असतं. नवलही बघ, नाव घेत नाही म्हणाला. निर्दोष माणूस सरळ सांगतो. मुका राहणारा एक तर देव असतो नाही तर चोर, आणि देव मोटारी चालवत नाहीत.

हे तपासायला एक सोपा उपाय आहे. खांदमळणीच्या तेलात हळद असते. मावशीने टाकलं असेल तर प्लगच्या आट्यांत आणि भोकांच्या कडांना पिवळं सापडेल. डब्यातलं साधं तेल कोणी गुपचूप ओतलं असेल, तर पिवळं नसेल. प्लग उघड, स्वच्छ पांढरं फडकं फिरव. मग इंजिन गरम करून पुन्हा दाब मोज. जुने आकडे परत आले पाहिजेत.

हे कळेपर्यंत तळोद्याला एक अक्षर पाठवायचं नाही. त्यांचं कोणी आलं तर म्हणावं, विचार चालू आहे. घाई त्यांना आहे, आपल्याला नाही.

बन्सीलाल

*

कळसाडी
१४ सप्टेंबर १९३८

बन्सीभाऊ,

फडकं पिवळं झालं. चारही ठिकाणी. तिसऱ्याच्या आट्यांत तर हळदीचा थर जळून चिकटला होता. गरम करून मोजलं, पुन्हा अठ्ठावन्न, छप्पन्न, अडतीस, सत्तावन्न. फडकं पाकिटात घातलं आहे, तुम्हीच पाहा.

डोंगरसिंग तळोद्याच्या बाजाराला गेला होता. नवल त्याला भेटला. म्हणाला, उत्तर काय झालं? बाप फार दिवस थांबणार नाही, चारचौघांत चोर ठरवलेल्या पोराचं दुसरीकडे पाहायला लागला आहे. डोंगरसिंगने सांगितलं, घरात विचार चालू आहे. मी त्याला तेवढंच सांगायला सांगितलं होतं.

आता तरी जाऊ का? तुम्ही लिहिल्याशिवाय पाऊल उचलवत नाही. माय माझ्याशी बोलत नाही.

लोटन

*

धुळे
१९ सप्टेंबर १९३८

चि. लोटन,

फडकं पाहिलं. हुंगलंही. हळदच आहे, माझी खात्री झाली. कारखान्यात आमच्या फोरमनला दाखवलं. तो म्हणाला, आयुष्यात असलं निदान पाहिलं नाही.

मध्ये दोन दिवस मला ताप होता, म्हणून उत्तराला उशीर. आता खुशाल जा. मावशीला घेऊन जा. रूपचंदनानांना म्हणावं, गैरसमज झाला, आमचं समाधान झालं आहे, मोटारही ठेवतो आणि सोयरीकही. तिसऱ्याच्या कड्या मी इथून पाठवतो. एक गोष्ट मात्र नवलला विचार, की खरं माहीत असून तो गप्प का बसला? बोलला असता तर एवढं रामायण झालं नसतं. माझ्या मनातून ते अजून जात नाही. पण असो. लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरा, मला रजा मिळते.

बन्सीलाल

*

धुळे
१२ ऑक्टोबर १९३८

चि. लोटन,

दसरा गेला, सोनं वाटून झालं, तुझं पत्र नाही. कड्यांचं पार्सल पोचलं की नाही, तेही कळवलं नाहीस. लग्नाची तारीख ठरली आणि मला कळवायची नाही, असं काही आहे का? की तळोद्याच्या लोकांनी तुला सांगितलं, बन्सीलालला मध्ये घेऊ नकोस? तू काही तरी लपवतो आहेस. मोकळेपणाने लिही.

बन्सीलाल

*

कळसाडी
१८ ऑक्टोबर १९३८

बन्सीभाऊंना,
अनुसयाचा नमस्कार.

लोटनभाऊला लिहायचं होत नाही. रोज कागद घेऊन बसतो आणि तसाच उठतो. म्हणून मी लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. कोणी काही लपवलेलं नाही.

तुमचं खुशाल जा म्हणून लिहिलेलं पत्र घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आलं. लोटनभाऊ त्याच पावली मायला घेऊन तळोद्याला गेला. नानांनी मायला मानाने बसवलं, चहा दिला. नवल आत आला, मायच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बाहेर निघून गेला. त्याच्यासाठी चार दिवस आधीच शिरपूरकडे शब्द गेला होता, सुपारी घट बसल्यावर फुटायची होती. नाना म्हणाले, "मोटारना येव्हार व्हई गया तो व्हई गया. सोयरीक मातर आते नही." माय परत येताना गाडीत रडली. म्हणाली, मी बैलासारखं मोटारीला जपायला गेले आणि पोरीचं घर मोडलं. तिने मोडलेलं नाही हे तिला आम्ही सांगतो, पण ती ऐकत नाही. तुम्ही एकदा लिहिलंत तर ऐकेल.

तुम्हाला अजून वाटतं ना, तो गप्प का बसला? ओट्यावर गणपतीची माणसं होती. तो बोलला असता, तर माझ्या आईला सगळं तळोदं हसलं असतं. मोटारीला खांदमळणी करणारी बाई म्हणून तिचं नाव पडलं असतं. त्याने ते स्वतःवर घेतलं. मला त्यात कळायला अवघड काही वाटलं नाही.

आणि तेलाचं म्हणाल, तर ती हळद मी कालवली होती. वाटी माझ्या हातची. तेलाने आकडा चढतो हे तुम्ही लोटनभाऊला आधी लिहिलं असतं, तर त्याने ते घरात बोलून दाखवलंच असतं, त्याच्या पोटात काही राहत नाही. मग मायने बोळ्यांना हातही लावला नसता. तुम्ही त्याच भीतीने लिहिलं नाही. तो तळोद्याहून भांडून आला त्या दिवशी मी त्याला सांगितलं, भाऊ, माय खरं बोलते, हळद मीच दिली. तो म्हणाला, तू गप्प राहा, तुझ्या लग्नाचा प्रश्न आहे, तुझी साक्ष चालायची नाही. हे त्याने तुम्हाला लिहिलं नसेल.

नवल दारात येऊन उभा होता तेव्हा मी आतल्या दाराआड होते. त्याच्या पायांचा चिखल उंबऱ्यावर पडलेला दिसत होता. तिले बी वाटस का, असं त्याने विचारलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मला नाही वाटत, एवढे तीन शब्द होते. मी बोलले असते तर घराची अब्रू गेली असती, असं मला लहानपणापासून शिकवलं आहे. मी बोलले नाही. लोटनभाऊ म्हणाला, बन्सीभाऊंचं उत्तर आलं की कळवतो. मला काय वाटतं ते विचारायला माणूस तळोद्याहून चिखल तुडवत आला होता, मी चार हातांवर उभी होते, आणि उत्तर धुळ्याहून यायचं होतं.

तुमच्यावर राग आहे का, असं विचाराल, तर आहे. तुम्ही माझं वाईट व्हावं म्हणून काही केलं नाही, हे कळतं. तरी आहे.

कड्या मिळाल्या, बसवल्या. मोटार चालू आहे. लोटनभाऊ बाजाराच्या दिवशी शहाद्याला नेतो.

माय म्हणते, तुम्ही आता दुसरं स्थळ पाहाल. पाहायचं तर पाहा, मी नको म्हणत नाही. पण मुलाबद्दल काय शंका असेल ती मलाही लिहा. आजवर माझ्याबद्दलची सगळी पत्रं या घरात आली, ती लोटनभाऊच्या नावाने आली. या पत्राला उत्तर द्यायचं झालं, तर पाकिटावर माझं नाव घाला.

अनुसया